कुणीच न शिकवलेला धडा

विद्यापीठात त्यांना समोर 'मॅडम' आणि पाठीमागे 'कात्री' म्हणत. मॅडमना हे माहीत होतं. स्टाफरूमचं दार सहा महिने नीट लागत नव्हतं आणि त्यांची खोली नेमकी त्याच्या समोर होती, त्यामुळे माहीत नसायला त्या काही बहिऱ्या नव्हत्या. एकदा त्यांनी शिपायाकडून खरोखरचीच एक मोठी कात्री मागवली आणि टेबलावर पेनांच्या डब्यात उभी करून ठेवली. त्यानंतर महिनाभर तो शब्द कुणी काढला नाही. मग पुन्हा काढायला लागले.

त्यांचा विषय रसायनशास्त्र. पंचविसाव्या वर्षी त्या इथे शिकवायला लागल्या आणि पहिली सहा वर्षं त्यांनी इतरांसारखंच शिकवलं, म्हणजे फळा भरायचा, पुसायचा आणि पुन्हा भरायचा. अक्षर सुरेख, आवाज खणखणीत. विद्यार्थी खूश होते. विद्यार्थी खूश असले की शिक्षकाला वाटतं, आपण शिकवतो आहोत. या समजुतीवर जगातली निम्मी विद्यापीठं उभी आहेत.

मॅडमच्या भ्रमाचा भोपळा एका किल्लीमुळे फुटला. रसायनांच्या कोठीची किल्ली एका ज्येष्ठ सरांच्या खिशात राहिली होती आणि सर तासावर होते. मॅडम मागच्या दारानं वर्गात शिरल्या आणि तास संपेपर्यंत शेवटच्या बाकावर बसून राहिल्या. सर उत्तम शिकवत होते. ते उत्तम शिकवत असताना एक मुलगी पुढच्या चाळीस पानांना पट्टीनं समास आखत होती. दोघं बाकाखाली पंजा लढवत होते. एकजण जागेपणी झोपण्याच्या कलेत बराच पुढे गेलेला होता. उरलेले पन्नासजण फळा वहीत उतरवत होते, आणि तोही दोन ओळी मागे राहून, त्यामुळे कान एक ऐकत होते आणि हात दुसरंच लिहीत होता. चाळीस मिनिटांत एकानंही मान वर करून 'का?' असं विचारलं नाही. तास संपल्यावर सर किल्ली देत म्हणाले, "आज वर्ग छान रंगला, नाही?"

त्या संध्याकाळी मॅडमनी हे ताईला सांगितलं. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, शाळेत पहिलीच्या वर्गाच्या बाई. दोघी तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत राहत. दोघींची लग्नं राहून गेली होती. त्याचं दोघींना फारसं वाईट वाटत नसे, नातेवाइकांना मात्र फार वाटे.

"माझ्या वर्गात पोराला 'क' काढता आला की नाही, ते मला त्याच दिवशी कळतं," ताई म्हणाली. "तुला कधी कळतं?"

"परीक्षा झाली की."

"म्हणजे वर्षभर तू अंधारात बाण मारतेस. आणि पगार माझ्या दुप्पट."

मॅडमना राग आला, कारण बोलणं खरं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका मैत्रिणीला आपल्या वर्गात शेवटच्या बाकावर बसवलं आणि एकच काम दिलं. मी काय बोलते ते लिहू नकोस, दर पाच मिनिटांनी मुलं काय करताहेत ते लिही. मैत्रिणीनं लिहिलेला कागद त्यांनी कुणाला दाखवला नाही. पण त्या दिवसापासून त्यांचं शिकवणं बदललं, आणि तिथून पुढे तीस वर्षं त्यांनी तेच एक काम केलं.

त्यांनी काय काय केलं त्याची यादी देत बसलो तर वाचणाराही समास आखायला लागेल. थोडक्यात सांगायचं तर त्या तासाला दहा मिनिटांहून जास्त सलग बोलत नसत. मध्येच प्रश्न टाकत आणि शेजाऱ्याला समजावून सांगायला लावत. वर्ग सुटताना प्रत्येकाकडून एक चिठ्ठी घेत: आज काय कळलं नाही? आणि बोलावलं तर, पुढे पुढे न बोलावताही, दुसऱ्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसत. सुरुवातीला लोकांची पाचावर धारण बसली. मग लोकांना कळलं की त्या मास्तरांबद्दल कुठेच तक्रार करत नाहीत. तासानंतर चहा पाजतात आणि कागद हातात ठेवतात. काही जणांनी तो कागद फाडला. काही जणांनी मात्र शिकवायची रीत बदलली. कोणी काय केलं हे मॅडम वर्गाच्या आवाजावरूनच ओळखत. शांत वर्ग त्यांना आवडत नसे.

पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांना अभ्यासक्रम समितीचं अध्यक्षपद मिळालं, आणि कात्री तिथे चालायला लागली. अभ्यासक्रम हा घराच्या माळ्यासारखा असतो. वर टाकायला सगळे तयार, खाली काढायला कोणी नाही. एक अख्खा धडा अशा उपकरणावर होता की ते तीस वर्षांपूर्वीच बनायचं बंद झालं होतं. तरी एका सरांना त्याची आकृती फळ्यावर फार सुंदर काढता येत असे, म्हणून तो टिकला होता. मॅडमनी तो उडवला. सरांनी तीन दिवस अबोला धरला आणि चौथ्या दिवशी पेन्शनचा अर्ज कसा भरायचा ते विचारायला आले.

हे सगळं करताना मॅडमची एक सवय होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. दरवर्षी, पदवी घेऊन गेलेल्या मुलांना वर्षभरानं त्या पत्र पाठवत. पत्रात एकच प्रश्न असे: आम्ही काय शिकवलं असतं तर तुम्हाला बरं झालं असतं? दीडशेतली वीस-पंचवीसजण उत्तर देत. मॅडम ती उत्तरं विषयवार लावून फायलीत ठेवत आणि समितीत वाचून दाखवत. "मास्तरांना विचारून अभ्यासक्रम करणं म्हणजे डॉक्टरला विचारून भूक ठरवणं," असं त्या म्हणत. हे वाक्य कुलगुरूंनी दोन भाषणांत आपलं म्हणून वापरलं.

सात वर्षांपूर्वी त्यांनी सगळ्यात मोठं काम हाती घेतलं. मुलांच्या चिठ्ठ्यांत सारखं येत होतं की तेच ते तीनदा शिकवतात. मॅडमनी तीन विभागांचे अभ्यासक्रम शेजारी शेजारी मांडून भिंतभर तक्ता केला. तक्त्यात दिसलं की चोवीस गोष्टी दोनदा आणि सात गोष्टी तीनदा शिकवल्या जात होत्या. त्यांनी योजना काढली, 'एक विषय, एक जागा'. जो भाग जिथे सगळ्यात चांगला शिकवता येईल तिथेच ठेवायचा, बाकीच्यांनी तो सोडायचा आणि वाचलेले तास प्रयोगांना द्यायचे. योजना खरोखर चांगली होती. अजूनही चांगलीच आहे.

त्या सात गोष्टींतली एक होती मोजमापाच्या भरवशाची. कुठलंही मोजमाप अचूक नसतं. नळीत चोवीस पूर्णांक तीन दिसलं तर खरा आकडा त्याच्या थोडा अलीकडे किंवा पलीकडे असू शकतो. तो किती अलीकडे-पलीकडे असू शकतो ते काढायचं आणि उत्तरापुढे अधिक-उणे करून लिहायचं, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की या आकड्यावर किती विसंबायचं. मुलं त्याला अधिक-उण्याचा धडा म्हणत. सगळ्यांना तो कंटाळवाणा वाटे, शिकणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांनाही.

आणि मग यंदा, निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना, मॅडमना एका मुलीचं पत्र आलं.

ही मुलगी विद्यापीठात पहिली आलेली. आता पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिनं लिहिलं होतं: 'मॅडम, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इथे मी एका टाकीचं पाणी पिण्यायोग्य आहे म्हणून सही केली. मर्यादा पन्नासची होती, माझा आकडा एकोणपन्नास आला होता. साहेबांनी विचारलं, अधिक-उणे किती? मला वाटलं चेष्टा करताहेत. मी हसले. खरं म्हणजे तो आकडा त्रेपन्नाससुद्धा असू शकत होता. पाणी पुन्हा तपासलं, टाकी बंद केली. ते गणित मला प्रयोगशाळेतल्या मामांनी शिकवलं, ते दहावी झालेले आहेत. माझा सहीचा अधिकार वर्षभरासाठी काढून घेतला आहे. मी पहिली आले होते हे मी इथे आता सांगत नाही.'

मॅडमना वाईट वाटलं, पण त्याहून जास्त त्या चिडल्या. पहिल्या आलेल्या मुलीनं असं लिहावं? त्यांनी लगेच उत्तर लिहायला घेतलं: 'हा भाग पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्रात व्यवस्थित शिकवला जातो. आपल्या लक्षात राहिला नसावा. पाहा, पान क्रमांक...' आणि पान क्रमांक घालायला त्यांनी भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम उघडला.

तो भाग तिथे नव्हता.

त्यांनी पुढची पानं चाळली, मग मागची. दुसरं वर्ष पाहिलं. मग रसायनशास्त्राचा, म्हणजे स्वतःचाच अभ्यासक्रम उघडला. तिथून तो त्यांनीच काढला होता, हे त्यांना आठवत होतं. तिसरा विभाग संख्याशास्त्राचा. तिथे एक ओळ होती: 'हा भाग विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षी केलेला असल्याने येथे वगळला आहे.'

सात वर्षांपूर्वीची फाइल काढायला अर्धा तास लागला. तिच्यात एकाच तारखेचे दोन कागद होते. सकाळच्या कागदावर होतं, हा भाग रसायनशास्त्रात ठेवावा. दुपारच्या कागदावर होतं, हा भाग भौतिकशास्त्रात ठेवावा. दोन्हींवर सही त्यांचीच. मग आठवलं. मधल्या चहाच्या वेळी त्यांच्या विभागातले लोक कुरकुरले होते की आमच्याकडे तास नाहीत, आणि त्यांनी निर्णय फिरवला होता. भौतिकशास्त्राचे तेव्हाचे प्रमुख दाढ ठणकते म्हणून दुपारच्या आतच निघून गेले होते, सकाळचा कागद खिशात घालून. त्यांनी त्यांच्याकडून धडा काढला, मॅडमनी आपल्याकडून. दोघांनाही वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. दोन घरचा पाहुणा उपाशी राहिला आणि सात वर्षांत कोणी विचारलंही नाही की तो जेवला का.

कोणाला कळलं कसं नाही? हा प्रश्न मॅडमना नंतर सगळ्यांनी विचारला, पण आधी त्यांनी तो स्वतःलाच विचारला. मुलं कॅल्क्युलेटरवर आलेले सहा-सहा दशांश वहीत उतरवत होती. भौतिकचे लोक म्हणत, रसायनवाले काही शिकवत नाहीत. रसायनचे लोक भौतिकच्या नावानं खडे फोडत. मॅडमनी स्वतः शेवटच्या बाकावरून ते दशांश पाहिले होते आणि नोंद केली होती, 'मुलांना कॅल्क्युलेटरची सवय जडली आहे.' जुनी उत्तरं त्यांनी पुन्हा काढली. चार वर्षांत सहाजणांनी लिहिलं होतं, 'रिपोर्ट कसा लिहायचा ते शिकवायला हवं होतं.' त्यावर मॅडमनी रिपोर्ट लिहिण्याची दोन दिवसांची कार्यशाळा सुरू केली होती. भाषा, परिच्छेद, मुद्देसूद मांडणी. सहाजण ओरडून सांगत होते आणि त्यांनी त्यांना विरामचिन्हं शिकवली होती.

भौतिकशास्त्राचे आताचे सर तरुण आणि सालस. त्यांनी दोन्ही कागद आणि मुलीचं पत्र पाहिलं आणि उठून दार लावून घेतलं.

"मॅडम, हे आपण पुढच्या वर्षी हळूच घालून टाकू. मी माझ्याकडे घेतो. आता शिकताहेत त्या मुलांना दोन जादा तासांत करून देऊ. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि गेलेल्यांचं काय? चार वर्षांची मुलं पदव्या घेऊन बाहेर पडलीत. सहाशे बारा."

"ती शिकतील हो नोकरीत. ही मुलगी शिकलीच ना?"

"टाकी बंद करावी लागली, सर."

सरांनी टेबलावरचे कागद सरळ केले. मग हळू आवाजात म्हणाले, "गुरुवारी विद्या परिषद आहे. तुमची योजना बेचाळीस कॉलेजांना लावायचा ठराव आहे. कुलगुरू तुमचा सत्कार करणार आहेत. निदान गुरुवार तरी जाऊ द्या."

मॅडमनी गुरुवार जाऊ द्यायचं जवळजवळ ठरवलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. माणूस तीस वर्षं झटतो, शेवटी एकदा त्याच्या कामाला सगळे हो म्हणतात, आणि त्याच आठवड्यात त्यानं स्वतःच्या हातानं त्यावर पाणी ओतायचं, हे बोलायला सोपं आहे. घरी येऊन त्यांनी ताईला गोष्ट सांगितली, पण गोल गोल. एका विभागात थोडा घोळ झालाय, कागदपत्रांचा प्रश्न आहे, बघावं लागेल.

ताईला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण समोरचं पोर काय लपवतंय ते तिला अजून कळत असे. "ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस," ती म्हणाली. "चूक कोणाची?"

"माझी."

"पोरांना माहीत आहे?"

"नाही. त्यांना वाटतंय तीच ढ आहेत."

ताईनं हातातलं विणकाम खाली ठेवलं. "एवढ्यासाठी तरी सांग बाई. ढ नसलेल्या पोराला आपण ढ आहोत असं वाटणं फार वाईट. ते मी छत्तीस वर्षं बघितलंय."

मॅडम रडल्या. ताईनं रडू दिलं. समजूत घालणं तिला कधी जमलं नव्हतं.

गुरुवारी ठराव वाचला गेला. कुलगुरूंनी भाषणाचा कागद काढला. मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, "त्याआधी मला दोन मिनिटं हवी आहेत." त्यांना सात लागली. दोन्ही कागद त्यांनी फिरवले. मुलीचं पत्र नाव झाकून वाचलं. मग म्हणाल्या, "योजनेत एक भोक आहे. काढलेला धडा दुसरीकडे प्रत्यक्ष शिकवला जातो का, हे तपासायची सोयच मी ठेवली नाही. ती सोय झाल्याशिवाय ही योजना बेचाळीस कॉलेजांना लावू नये. आणि सहाशे बारा मुलांना विद्यापीठानं पत्र लिहून कळवावं."

सभेत एकदम गलका झाला. एकजण म्हणाले, टंकलेखनाची चूक म्हणा. दुसऱ्यांनी 'प्रक्रियात्मक विसंगती' असा शब्द सुचवला आणि तो बऱ्याच जणांना आवडला. ज्यांचे धडे पूर्वी कात्रीखाली गेले होते, त्यांनी खाली माना घालून हसून घेतलं. तेवढा हक्क त्यांना होता. कुलगुरू वाईट माणूस नव्हते, पण घाबरट होते. ते म्हणाले, "मॅडम, उद्या कोणी विचारेल, पदव्या खऱ्या आहेत का? विद्यापीठाच्या कागदावर असलं पत्र जाणार नाही."

"मग माझ्या कागदावर जाईल."

"ते तुमचं तुम्ही बघा. शनिवारी वर्ग रिकामे असतात, एक घ्या. बाकी मला काही माहीत नाही."

योजना 'अधिक अभ्यासासाठी' मागे ठेवली गेली. या दोन शब्दांखाली ठेवलेली वस्तू विद्यापीठात पुन्हा कधी वर येत नाही. सत्कारासाठी आणलेली शाल कार्यालयाच्या कपाटात गेली.

पत्र लिहायला मॅडमना चार दिवस लागले. पहिला मसुदा अडीच पानांचा होता, त्यात योजनेचा हेतू, तक्ता आणि समितीची रचना सगळं होतं. ताईनं चष्मा लावून वाचलं आणि पेन्सिलीनं रेघा मारायला सुरुवात केली. मॅडम बघत राहिल्या. आयुष्यभर दुसऱ्यांचं कापलं, पण आपलं कापलं जाताना कसं वाटतं ते त्यांना त्या दिवशी कळलं. शेवटी उरलं ते एवढं:

'तुम्हाला आम्ही एक धडा शिकवायला विसरलो. मोजमापावर किती विसंबायचं, तो धडा. तो तुम्ही विसरलेला नाहीत, तुम्हाला तो कोणी शिकवलाच नाही. चूक माझी आहे. त्यामुळे कामाच्या ठिकाणी तुम्हाला खाली पाहावं लागलं असेल तर हे पत्र दाखवा. येत्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी तो धडा शिकवणार आहे. सकाळी दहा ते चार. यायला जमलं नाही तर कळवा, मी टिपणं पाठवीन.'

सहाशे बारा पाकिटांवरचे पत्ते दोघींनी हातानं लिहिले. ताईचं अक्षर अजून पहिलीच्या फळ्यावरचं, गोल आणि मोठं. सत्त्याण्णव पाकिटं पत्ता बदलला म्हणून परत आली. साठेक जणांनी उत्तर दिलं. काहींनी टिपणं मागवली. एकानं लिहिलं, 'फी परत मिळेल का?' एकीनं लिहिलं, 'मला वाटायचं माझंच डोकं कमी आहे. पत्र आईला वाचून दाखवलं.' ते पत्र ताईनं दोनदा वाचलं आणि मॅडमच्या हातात परत दिलं.

दुसऱ्या शनिवारी मॅडम साडेनऊलाच वर्गात गेल्या. फळा पुसला, नळ्या मांडल्या, बाकांवर टिपणं ठेवली. टिपणांच्या शंभर प्रती काढल्या होत्या. दहा वाजता अकराजण आले होते, सव्वादहापर्यंत एकतीस झाले. एक आई कडेवर बाळ घेऊन आली होती. एकजण कामावरच्या गणवेशातच होता. तिसऱ्या बाकावर ती पाणी तपासणारी मुलगी बसली होती. मॅडम तिच्याजवळ गेल्या.

"तू तर शिकलीस हे सगळं. मामांकडून."

"पत्र साहेबांना दाखवलं मॅडम. ते म्हणाले, जा, नीट शिकून ये."

"आणि सहीचं?"

"वर्ष पुरं होईपर्यंत नाहीच म्हणाले." तिनं टिपणाचं पान उलटलं. "पण आता सगळ्यांना माहीत आहे, मी विसरले नव्हते."

मॅडमनी मान हलवली. त्यांना तिची माफी मागायची होती, पण तिथे तीस माणसं होती, आणि मागायची तर सगळ्यांचीच मागायला हवी होती. त्या पुढे गेल्या आणि फळ्यापाशी उभ्या राहून त्यांनी तशी मागितली. शब्द साधे होते. बाळ मध्येच ओरडलं, चारदोनजण हसले आणि सगळ्यांना जरा बरं वाटलं.

"कोणाला काही विचारायचंय, सुरुवात करण्याआधी?"

मागच्या बाकावरून एक तरुण उठला. उंच, इस्त्रीचा शर्ट, शर्टाच्या खिशाला खडूची पांढरी कड. नव्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या तुकडीतला. मॅडमना चेहरा आठवला, नाव आठवलं नाही.

"मॅडम, मी शाळेत शिकवतो. नववी-दहावीला विज्ञान. दोन वर्षं झाली."

"हं."

"मुलं प्रयोग करतात, उत्तराला पाच-पाच दशांश लिहितात. मी त्यांना बरोबरची खूण देतो. जितके दशांश जास्त तितकं उत्तर चांगलं, असं मीच सांगत आलोय." त्यानं वही बाकावर ठेवली. "तुम्ही आम्हाला पत्र लिहिलंत. माझ्या मुलांचं काय करायचं?"

मॅडमनी सहाशे बारा मोजले होते. रजिस्टर काढून, नावं टिपून, दोनदा पडताळून मोजले होते. त्या सहाशे बारांतले काहीजण फळ्यापाशी उभे राहत असतील, हे त्यांच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

"किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षांची धरून दोनशे सदुसष्ट."

मॅडमनी टेबलाच्या कडेला हात टेकला. धीर द्यावा असं एखादं वाक्य त्यांनी शोधलं. तीस वर्षांत अशी वाक्यं त्यांनी पुष्कळांना दिली होती, पण एकही कामाचं वाटेना.

"मला माहीत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "तुझ्यापाशी आता आहेत त्यांना सांग. गेले असतील त्यांनाही सांगावं लागेल. तुझ्या तोंडून सांगावं लागेल, आणि ते सोपं नाही."

मग त्यानं वही-पेन उचललं, दोन बाकांमधून चालत पुढे आला, अगदी पहिल्या बाकावर बसला आणि वहीचं कोरं पान काढलं.

"शिकवा, मॅडम," तो म्हणाला. "सोमवारी मला पहिला तास आहे."